सिस्टरांचा प्रोसेसर

“नातवासाठी ना?” दुकानदाराने विचारलं.

“नाही.”

“मग साहेबांच्या, म्हणजे तुमच्या मुलाच्या, ऑफिसच्या कामाला असेल. ते नेहमी इथूनच नेतात.”

“माझ्यासाठी,” सिस्टर म्हणाल्या. “गेम खेळायला. हे मी आत आल्या आल्या सांगितलंय. आता परत विचारलंत तर समोरच्या दुकानात जाईन.”

समोरच्या दुकानाचं नाव काढल्यावर दुकानदार ताळ्यावर आला. त्याने स्टूल पुढे केलं, पंख्याचं तोंड वळवलं आणि काचेच्या कपाटातून एक चकचकीत खोका काढून काउंटरवर ठेवला.

“मग हा प्रोसेसर घ्या. बारा कोर. पुढची कितीतरी वर्षं बघायला नको.”

“आणि ग्राफिक्स कार्डाला काय उरतं?”

“कार्ड साधं टाकू.”

“म्हणजे नाकापेक्षा मोती जड. नको.”

त्याने खालच्या फळीवरून धूळ बसलेला दुसरा खोका काढला. “मग हा. चार कोर. जुना आहे, पण वाघ आहे.”

“म्हातारा वाघ आहे. नवीन गेम त्याला झेपत नाहीत. शिवाय त्याच्या मदरबोर्डावर पुढे दुसरं काही बसत नाही. उद्या बदलायचा म्हटला तर सगळंच बदला.”

“तुम्हाला हवंय तरी काय मग? आखूडशिंगी आणि बहुदुधी?”

“तो,” सिस्टरांनी कपाटाकडे बोट केलं. “मधल्या फळीवरचा. सहा कोरचा. गेल्या वर्षीचा असला तरी चालेल. त्याच्या बोर्डावर पुढेमागे नवा बसवता येतो. उरलेले सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. कॅबिनेटला रंगीत दिवे नकोत. लिहा.”

दुकानदाराने मुकाट्याने लिहिलं. निवृत्त झालेल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाईने प्रोसेसर असा बोट दाखवून निवडावा हे काही त्याला पचलं नव्हतं. पण तिने पैसे रोख मोजले, तेव्हा त्याने पावती फाडली. पावतीवर सिस्टरांनी स्वतःचा फोन नंबर घातला आणि तो बरोबर लिहिलाय ना हे दोनदा वाचून घेतलं.

हे शहाणपण काही त्यांना आभाळातून मिळालं नव्हतं. बेकरीवाल्याने शिकवलं होतं. बेकरीवाला म्हणजे त्यांच्या टीममधला एक भिडू. त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, फक्त हेडफोनमधून आवाज ऐकला होता. पहाटे पाव भाजायचा, दुपारी झोपायचा आणि संध्याकाळी बंदूक घेऊन पडक्या कारखान्यात शिरायचा. गेममधला कारखाना. प्रोसेसर म्हणजे काय, हे सिस्टरांना त्यानेच पटवलं होतं. “कार्ड म्हणजे रंगारी, आणि प्रोसेसर म्हणजे कुठे काय रंगवायचं ते सांगणारा. सांगणाराच धिम्मा असला तर रंगारी ब्रश धरून उभा. पण सांगणाऱ्यालाच सगळा पगार दिलास तर रंगारी कुठून आणशील?” सिस्टरांना हे लगेच कळलं. वॉर्डात असे दोन्ही प्रकार त्यांनी पोटभर पाहिले होते.

सिस्टरांची सगळी नोकरी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात गेली. ड्रेसिंग, सलाइन, पुन्हा ड्रेसिंग. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी वॉर्ड काही पाठ सोडत नव्हता. जिन्यात शेजारी भेटला की तो जीभ बाहेर काढून दाखवायचा. वाण्याकडे गेलं की वाणी बाही वर करून गळू दाखवायचा. एकदा तर रिक्षावाल्याने सिग्नलला मागे वळून आपल्या सासूचे रिपोर्ट वाचायला दिले होते. सगळे म्हणायचे, सिस्टर आहेत म्हणून बरं आहे. सिस्टरांना स्वतःला बरं आहे का, हा प्रश्न कुणाच्या मनात आला नव्हता.

आणि मग नातवाच्या कॉम्प्युटरवर त्यांना हा गेम सापडला. नातू शिकायला परगावी गेला, जाताना आपलं जुनं डबडं ठेवून गेला. सिस्टर आधी नुसत्या बघायला बसल्या आणि मग उठल्याच नाहीत. तिथे चौघांची टीम असायची. तिघं लढायचे आणि एकजण मेडिक, म्हणजे मागे राहून जखमींना पट्ट्या बांधायचा. पहिल्याच दिवशी बेकरीवाल्याने विचारलं होतं, “काय घेतेस? मेडिक मोकळा आहे.”

“मेडिक सोडून काहीही,” त्या म्हणाल्या होत्या. “मी पुढे राहणार.”

का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तिथे वय, नोकरी, घरदार विचारायची पद्धतच नव्हती. त्या सगळ्यात आधी दारातून आत घुसायच्या आणि दिसेल त्याला उडवायच्या, म्हणून टीमने त्यांचं नाव ठेवलं तोफ. “तोफ, डावीकडे!” “तोफ, थांब गं जरा, आम्हाला येऊ दे!” हे कानावर पडलं की सिस्टरांचा गुडघासुद्धा दुखायचा थांबायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना जरा थांब म्हणत होतं. एरवी सगळे लवकर या म्हणायचे.

जुनं डबडं आता खोकायला लागलं होतं, चित्र अडखळत होतं. शनिवारी संध्याकाळी स्पर्धेतली मॅच होती, जिंकणारे पुढच्या फेरीत जाणार होते. चौघांपैकी एक जरी कमी पडला तरी टीम बाद. म्हणून हा सगळा खटाटोप. सिस्टरांना कारखान्याच्या दारातून सगळ्यात आधी आत शिरायचं होतं. त्यांची मागणी एवढीच होती आणि त्यासाठी त्यांनी स्वतःची ठेव मोडली होती.

सोमवारी घेतलेला कॉम्प्युटर गुरुवारी घरी आला. मुलाने ऑफिसातून लवकर येऊन तो जोडून दिला. मुलगा तसा लाखात एक. आईच्या गोळ्या आणायचा, डोळ्याच्या डॉक्टरची वेळ घ्यायचा, “आई, तू बस, मी करतो” हे वाक्य तर त्याच्या तोंडात बसलेलंच होतं. त्याने वायरी जोडल्या, टेबल पुसलं आणि शेजारी एक पांढरा प्रिंटर मांडला.

“हे काय?” सिस्टरांनी विचारलं.

“प्रिंटर. ऑफरमध्ये मिळाला. विजेची बिलं, रिपोर्ट, काय काय काढता येईल तुला.”

“मी मागितला नव्हता.”

“अगं फुकट आहे. फुकटचं कशाला सोडायचं?”

सून दारात उभी होती. ती काहीतरी बोलणार होती, पण नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. सिस्टरांनी ते पाहिलं. पण त्या तेव्हा माउस कसा हातात बसतो ते बघण्यात गुंतल्या होत्या, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी सरावाला बसल्या आणि पाचव्या मिनिटाला मेल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा मेल्या. भिंतीआड सगळं सुरळीत चालायचं, पण दारातून आत उडी घेतली, चार शत्रू समोर आले, धूर झाला की चित्र गोठायचं. सुटायचं तोवर सिस्टर जमिनीवर पडलेल्या असायच्या.

“तोफ, झोपलीस काय?” दाढी म्हणाला. हा टीममधला तिसरा.

“माझं चित्र अडकतंय.”

“नवीन कॉम्प्युटरवर?” बेकरीवाल्याचा आवाज आला. “आकडे बघ बरं. प्रोसेसर किती टक्के दाखवतोय?”

“शंभर.”

“आणि कार्ड?”

“चाळीस.”

“म्हणजे रंगारी उभा आहे. सहा कोरवाला या गेमला शंभरावर जायचा नाही गं. त्याचं नाव काय दाखवतंय, वाच.”

सिस्टरांनी चष्मा पुसून नाव वाचलं.

“तोफ,” बेकरीवाला म्हणाला, “हा तो नाहीच. हा चार कोरचा, जुना. तुला गंडवलंय.”

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला आणि चोर, लफंगा, जे जे तोंडाला आलं ते सगळं त्याला ऐकवलं. तो बिचारा मध्ये मध्ये “अहो सिस्टर, अहो सिस्टर” करत होता. त्या दम घ्यायला थांबल्या तेव्हा तो म्हणाला, “मी कशाला बदलू? साहेबांनी बदलायला सांगितलं. मी त्यांना फोन केला होता, आई असं असं घेऊन गेल्यात म्हणून. ते म्हणाले, तिला कुठे एवढं लागतं, साधा टाका आणि उरलेल्या पैशात प्रिंटर द्या.”

सिस्टरांनी फोन ठेवला. मुलगा बायकोला घेऊन कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. सिस्टर टेबलापाशी बसून राहिल्या आणि पांढऱ्या प्रिंटरकडे बघत राहिल्या. त्यांना रडू आलं नाही. मग उठून त्यांनी प्रिंटरची वायर उपटली.

सकाळी सून चहा घेऊन आली तेव्हा त्या कॅबिनेटच्या वायरी सोडवत होत्या. सुनेने एका नजरेत ओळखलं.

“मी ह्यांना म्हटलं होतं, आईंना विचारा,” ती हळू आवाजात म्हणाली.

“मग मला का नाही सांगितलंस?”

सुनेने चहा ठेवला आणि ती सुटलेल्या वायरी गुंडाळायला लागली. सिस्टरांनी तो चहा घेतला नाही.

कॅबिनेट मांडीवर घेऊन त्या रिक्षाने दुकानात गेल्या. प्रिंटर पायाशी ठेवला होता. दुकानदाराने त्यांना येताना पाहिलं आणि त्या काउंटरपर्यंत पोचायच्या आत फोन कानाला लावला.

“साहेबांशी जरा बोलून घेतो.”

“फोन खाली ठेवा,” सिस्टर म्हणाल्या.

“नाही, म्हणजे त्यांनाच विचारलेलं बरं...”

“फोन खाली ठेवा! पेशंट मी आहे. माझ्याशी बोला.”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. दुकानदाराने फोन ठेवला, पण तोपर्यंत पलीकडे कळायचं ते कळलं होतं.

वॉर्डात हे रोज व्हायचं. नातेवाईक पडद्याबाहेर बोलवायचे, आवाज बारीक करायचे. “सिस्टर, त्यांना सांगू नका हं, पाय काढायचाय ते. घाबरतील.” पाय ज्याचा, त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक. सिस्टर ऐकून घ्यायच्या, पडदा सारून आत जायच्या, कॉटशेजारी स्टूल ओढायच्या आणि माणसाला विचारायच्या, “बोला, तुम्हाला काय काय विचारायचंय?” याच्यावरून डॉक्टर भडकले, मेट्रनने झापलं, एकदा तर वॉर्ड बदलून धुण्याच्या विभागात पाठवलं. परत आल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी पुन्हा स्टूल ओढलं. त्यांनी वॉर्डात जपलेली गोष्ट ती एवढीच. आणि आता त्यांच्याच पोटच्या पोराने त्यांना पडद्याआड ठेवून बाहेर सगळं ठरवलं होतं.

“तुमचा सहा कोरचा अजून आहे माझ्याकडे,” दुकानदार कॅबिनेट उघडत म्हणाला. “पण तो या बोर्डावर बसणार नाही.”

“हे मीच तुम्हाला सोमवारी सांगितलं होतं.”

“हो, सांगितलं होतंत. म्हणजे बोर्डही बदलायला लागणार. तुमचं बोर्ड मी परत पाठवून दिलं, ते आता सोमवारशिवाय येत नाही.”

“मॅच आज आहे.”

“कसली मॅच?” मागून मुलगा म्हणाला. तो धापा टाकत आला होता, हेल्मेट अजून डोक्यावर होतं. “आई, काय चाललंय? एवढं वजन उचलून आलीस? मला सांगायचंस ना.”

“तू मला सांगितलंस?”

“काय?”

“हा प्रोसेसर बदललास ते.”

मुलाने दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदार एक स्क्रू उगाचच घट्ट करायला लागला. “अगं, त्यात काय एवढं? मी चौकशी केली. तुझ्या वापराला हा पुरतो.”

“माझा वापर तुला काय ठाऊक?”

“आई, लोक बघतायत.”

“बघू देत. ऑफर होती म्हणालास. फुकट म्हणालास. माझ्या पैशाचा प्रिंटर मलाच फुकट दिलास!”

“तुझ्या सोयीसाठीच ना? मी काय ते पैसे खिशात घातले?” त्याचाही आवाज चढला. “डोळे तपासून झालेत आत्ताच, गुडघा तसा, आणि तू दिवसभर त्या खुर्चीत बसणार. मी काही बोललो का? घे म्हटलं. फक्त थोडं बेतात.”

“मला विचारायचंस.”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?”

“नाही.”

“म्हणून तर नाही विचारलं!”

हे त्याने अगदी सरळ, अगदी मनापासून सांगितलं. पडद्याबाहेरची माणसं अगदी असंच बोलायची. त्यांच्याही डोळ्यांत प्रेम असायचं. त्या प्रेमाची सिस्टरांना तेव्हाही चीड यायची, पण तेव्हा ती माणसं परकी होती, संध्याकाळी घरी जाऊन विसरता यायची.

“सोमवारी बोर्ड आणा,” त्या दुकानदाराला म्हणाल्या. “प्रिंटर ठेवून घ्या. जे काय कापायचं ते कापा. आणि यापुढे फोन करायचा झाला तर पावतीवर नंबर आहे, तो वाचता येतो ना?”

“हो, सिस्टर.”

मुलाने कॅबिनेट उचलायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला केला आणि स्वतः उचललं. रिक्षात बसताना गुडघ्यातून कळ आली, ती त्यांनी ओठ आवळून सोसली. मुलगा स्कूटरवरून घरापर्यंत मागे मागे येत राहिला.

संध्याकाळी टीम जमली. सिस्टरांनी जे झालं ते सांगितलं, मुलाचं तेवढं सांगितलं नाही. दुकानातली चूक आहे म्हणाल्या.

“मग आज पुढे नको जाऊस,” बेकरीवाला म्हणाला. “दारातच अडकशील आणि आपण तीनावर येऊ. तू मेडिक घे. मागे भिंतीआड तेवढं अडकत नाही.”

“नाही.”

“तोफ, आजच्या दिवस. नाहीतर बाद होऊ गं. चिमणी जाईल पुढे.”

चिमणी ही चौथी, बारीक आवाजाची मुलगी, एरवी मेडिक तीच असायची. ती आनंदाने म्हणाली, “मी जाते! मला कधी कुणी पाठवतच नाही.”

सिस्टरांना नाही म्हणायचं होतं. पण तिघं थांबली होती, आणि थांबलेल्या माणसांना सोडून जाणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी मेडिक घेतला. पडद्यावर त्यांच्या हातातली बंदूक जाऊन पांढरी पेटी आली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. सिस्टर उत्तम मेडिक निघाल्या. कोण पडणार हे त्यांना तो पडायच्या आधी कळायचं. कुणाला आधी घ्यायचं, कुणाला दोन मिनिटं थांबवता येतं, हे त्यांचे हात त्यांना न विचारता ठरवत होते. आतल्या आत राग उकळत होता आणि हात शांतपणे काम करत होते. शेवटी शेवटी दाढीला दोन गोळ्या लागल्या आणि तो ओरडायला लागला, “मेलो! मेलो! सोडा मला, पळा!”

“मेला नाहीस,” सिस्टर म्हणाल्या. आवाज एकदम खाली उतरला होता, सपाट आणि पक्का. “हलू नकोस. मी आलेय. श्वास घे. घेतलास? आता उठ.”

दाढी उठला. चिमणीने दारातून आत उडी घेतली आणि दोघांनी मिळून कारखाना घेतला. मॅच जिंकली. हेडफोनमध्ये नुसता कल्लोळ झाला.

“ए, थांबा थांबा,” चिमणी ओरडली. “तोफ, तुम्ही नर्स आहात? माझी आजी दवाखान्यात होती ना, तिथल्या सिस्टर अश्शाच बोलायच्या! हलू नकोस, श्वास घे! खरं सांगा, तुम्ही सिस्टर आहात ना?”

नाही म्हणणं सोपं होतं. तिथे कोण शहानिशा करणार होतं? पण वॉर्डाला नाही म्हणायला जीभ वळेना.

“होते,” त्या म्हणाल्या.

“बाप रे!” दाढी म्हणाला. “सॉरी हं, मी तुम्हाला झोपलीस काय म्हणालो. सिस्टर, माझ्या मानेत सारखी कळ येते, डाव्या बाजूला, त्याचं काय असेल?”

दारात मुलगा उभा होता. कल्लोळ ऐकून आला होता. चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा हसू होतं. “जिंकलात ना? बघ, चालतंय की. मग सोमवारी कशाला बदलायचा?”

सिस्टरांनी हेडफोन गळ्यात उतरवला.

“बाहेर जा,” त्या म्हणाल्या.

“अगं पण...”

“बाहेर जा. आणि दार लावून घे.”

तो गेला. दार त्याने हळूच लावलं. सिस्टरांनी चष्मा नीट केला आणि एकेक अक्षर शोधत टीमला निरोप लिहिला. “मंगळवारपासून माझा प्रोसेसर बसलेला असेल. पुढे मी जाणार. मेडिक दुसऱ्या कुणीतरी व्हायचं. माझं नाव तोफ आहे.”

पाठवून त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. थोड्या वेळाने बेकरीवाल्याचं उत्तर आलं.

“चालेल, सिस्टर. तुम्ही म्हणाल तसं.”